ओसाकातल्या एका खोलीतली फिल्म: हाताने काढलेलं ॲनिमेशन घरी कसं बनतं

ऑगस्ट 1981. जपानमधल्या विज्ञानकथाप्रेमींचं विसावं राष्ट्रीय संमेलन ओसाका शहरात भरलं होतं. उद्घाटनाला पडद्यावर पाचेक मिनिटांची एक कार्टून फिल्म दाखवली गेली. पाठीला दप्तर लावलेली एक शाळकरी मुलगी, तिच्या हाती सोपवलेला पाण्याचा पेला, वाटेत आडवे येणारे राक्षस आणि यंत्रमानव, त्या सगळ्यांना पुरून उरणारी ती चिमुरडी, आणि शेवटी तिने घातलेल्या पाण्याने टवटवीत झालेला एक सुकलेला मुळा, ज्याचं बघता बघता अवकाशयान होतं. फिल्मचं नाव 'दायकॉन 3'. ती कुठल्याही स्टुडिओने केलेली नव्हती. हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई हे ओसाका कला विद्यापीठात शिकणारे तीन विद्यार्थी. संमेलनाच्या आयोजकांपैकी तोशिओ ओकादा यांच्या घरातल्या एका रिकाम्या खोलीत बसून त्यांनी ती केली. मदतीला मित्रमंडळी. फिल्म होती 8 मिलिमीटरची, म्हणजे त्या काळी लोक घरच्या लग्नाचं नि सहलीचं चित्रण करायला वापरायचे ती.

हाताने काढलेलं ॲनिमेशन फिल्मवर कसं उतरतं, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. स्टुडिओत प्रत्येक अडचणीवर एखादं यंत्र किंवा एखादा अनुभवी माणूस उभा असतो, त्यामुळे अडचण कुठे होती ते बाहेरच्याला कळतच नाही. या मंडळींकडे दोन्ही नव्हतं. प्रत्येक पायरी त्यांना स्वतःच्या डोक्याने नि हाताने ओलांडावी लागली.

आधी हिशेब बघू, कारण या कलेत सगळं तिथून सुरू होतं. फिल्म म्हणजे स्थिर चित्रांची लांब पट्टी. बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या वेगाने पळते. घरगुती 8 मिलिमीटरची बहुतेक वेळा 18 च्या वेगाने. कोडॅकने 1965 मध्ये बाजारात आणलेल्या सुपर 8 च्या एका डबीत 50 फूट फिल्म असते आणि तिच्यावर 3600 फ्रेम बसतात. 18 च्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद, 24 च्या वेगाने जेमतेम अडीच मिनिटं. प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबते, तिच्यातून उजेड जातो, मग झडप आडवी येते आणि त्या अंधारात पुढची फ्रेम खाली सरकते. डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून एकाच फ्रेमवर ही झडप दोन-तीनदा उघडते. बाकीचं काम आपला मेंदू करतो. हात इथे होता, आता जरासा तिथे आहे, म्हणजे तो हलला, असं तो स्वतःच ठरवून टाकतो.

पाच मिनिटांची फिल्म 24 च्या वेगाने म्हणजे 7200 फ्रेम. इतकी चित्रं चार मित्रांनी काढायची म्हटलं तर कॉलेज सुटेल. पण तितकी लागत नाहीत. एकच चित्र लागोपाठ दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं पुरतात, तीन फ्रेम धरलं तर आठ. जपानमध्ये 1 जानेवारी 1963 ला ओसामु तेझुकांची 'टेत्सुवान ॲटम' ही टीव्हीवरची कार्टून मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, पैसा तुटपुंजा, म्हणून तिथे ही काटकसर अंगवळणी पडली. पुढे ती तिथल्या शैलीचाच भाग झाली. आन्नो-यामागांची पिढी हेच बघत वाढली. आठच्या हिशेबाने 7200 फ्रेमची 2400 चित्रं होतात. त्यात जिथे पात्र स्थिर आहे आणि फक्त मागचं दृश्य सरकतंय, तिथे आणखी वाचतात. हा आकडा दांडगा आहे, पण मित्रांमध्ये वाटून घेता येईल असा आहे.

एकेक फ्रेम वेगळी टिपण्याची ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या घरी पहिला प्रयोग केला तो कुंडीत रुजवलेल्या वाटाण्याच्या रोपावर. कॅमेरा सलग न चालवता, दिवसांमागून दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत त्यांनी ते रोप टिपलं. पडद्यावर ते झरझर वाढलेलं बघून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात अंधारात बसून करायच्या. घरी, घरच्यांना हाताशी धरून फिल्म करण्याची आपली परंपरा अशी थेट पहिल्या पानापासून आहे, आणि तिचा मला फार अभिमान वाटतो.

आता चित्रांकडे येऊ. 2400 चित्रं कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने काढत नाही. आधी हालचालीतली मोक्याची चित्रं काढतात, त्यांना की ड्रॉइंग म्हणतात. मग दोन की ड्रॉइंगच्या मधली, म्हणजे इनबिट्वीन. साधं उदाहरण घेऊ. मुलगी मान वळवून आपल्याकडे बघते. पहिल्या चित्रात चेहरा डावीकडे, शेवटच्या चित्रात समोर. मधलं चित्र काढताना नवखा माणूस काय करतो, तर दोन नाकांच्या बरोबर मध्यावर तिसरं नाक काढतो. पडद्यावर ते पाहिलं की मान वळल्यासारखी वाटतच नाही, चेहरा कोणीतरी बाजूला सरकवल्यासारखा दिसतो.

स्वतः आरशासमोर उभं राहून मान वळवून बघा. हनुवटी आधी किंचित खाली जाते आणि मग वर येते. म्हणजे नाकाचं टोक सरळ रेषेत जात नाही, खाली झुकलेल्या कमानीवरून जातं. डोळे मानेच्या आधी वळतात. वळता वळता पापणी एकदा मिटते. केस मागे रेंगाळतात आणि मान थांबल्यावरही थोडे पुढे जाऊन परत येतात. हे सगळं त्या मधल्या तीन-चार चित्रांत यायला हवं. शिवाय मान झटक्यात सुरू होत नाही आणि झटक्यात थांबतही नाही. म्हणून सुरुवातीची चित्रं एकमेकांना चिकटून, मधली लांब लांब, शेवटची परत जवळ जवळ. की ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ॲनिमेटर एक छोटी आखणी करून ठेवतो. एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा. इनबिट्वीन काढणाऱ्याला त्यावरून कळतं की कुठलं चित्र कोणाच्या किती जवळ हवं. तितकीच चित्रं वापरून अंतरं बदलली की हलका चेंडू लोखंडी गोळा होतो. मोठ्या यंत्रमानवाचं पाऊल जड वाटतं ते त्याला जाड रेघांनी काढल्यामुळे नव्हे, तर पाऊल उचलताना खुणा दाटीने असतात आणि खाली येताना एकदम विरळ होतात म्हणून.

हे काम लाइट टेबलावर होतं. घरी त्यासाठी लाकडी चौकटीवर दुधी काच आणि खाली दिवा एवढं पुरतं. पहिलं आणि शेवटचं चित्र खाली ठेवून वर कोरा कागद घ्यायचा. सरावलेला माणूस बोटांमध्ये चार-पाच कागद अडकवून ते पुढे-मागे चाळत राहतो आणि हालचाल तिथल्या तिथे तपासतो. फिल्म धुऊन येईपर्यंत पडद्यावर काही दिसणार नसतं, त्यामुळे हे चाळून बघणं हीच काय ती खात्री.

आता ज्या गोष्टीकडे नवशिक्यांचं हमखास दुर्लक्ष होतं ती, म्हणजे कागदाची भोकं. सगळी चित्रं एकमेकांवर नेमकी त्याच जागी बसायला हवीत. स्टुडिओत त्यासाठी तीन खुंट्यांची धातूची पट्टी असते आणि त्याच मापाची भोकं पाडलेले कागद मिळतात. ओसाकाच्या मंडळींनी बी5 आकाराचा कागद घेतला आणि दोन भोकं पाडणारं औद्योगिक पंच मशीन वापरून स्वतःची सोय केली. याचं महत्त्व आकड्यात बघा. कागद 25 सेंटिमीटर रुंद आणि पडदा दोन मीटर, म्हणजे चित्र आठपट मोठं होतं. कागद अर्धा मिलिमीटर हलला तर पडद्यावर चार मिलिमीटरचा हिसका बसतो, आणि तोही सेकंदाला आठ वेळा. पात्र थरथरायला लागतं. प्रेक्षकाला कारण समजत नाही, पण डोळे शिणतात. आपल्याकडच्या फाइलींसाठी वापरायच्या साध्या पंचची भोकं साधारण सहा मिलिमीटरची आणि एकमेकांपासून आठ सेंटिमीटरवर असतात. त्यात घट्ट बसतील अशा दोन लाकडी खुंट्या एका पट्टीवर पक्क्या केल्या की पेग बार तयार. अट एकच, सगळे कागद एकाच पंचने आणि एकाच माणसाने पाडायचे. दोन पंच वापरले की गोंधळ पक्का.

कागदावरच्या चित्रांनंतर सेल, म्हणजे चित्र उतरवून घ्यायची पारदर्शक शीट. मुलगी धावते आहे आणि मागे शहर आहे. कागदावरच फिल्म करायची तर ते शहर प्रत्येक चित्रात पुन्हा काढावं लागेल. अमेरिकेत विन्सर मॅके यांनी 1914 मध्ये गर्टी नावाच्या डायनासोरची फिल्म केली तेव्हा मागचे दगड आणि झाड दर कागदावर नव्याने गिरवावे लागले होते, आणि त्यासाठी त्यांनी एक मदतनीस ठेवला होता. पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर पात्र काढून ती रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायची, ही कल्पना त्याच सुमाराला आली आणि पुढची कित्येक दशकं सगळा धंदा तिच्यावर चालला. रेघ शीटच्या पुढच्या बाजूला, रंग मागच्या बाजूला. त्यामुळे ब्रशचे फटकारे दिसत नाहीत, रंग सपाट दिसतो आणि रेघ झाकली जात नाही.

सेल महाग. दोन हजार सेल विकत घेणं या पोरांना शक्यच नव्हतं. मग त्यांनी नमुन्यापुरता एक सेल घेतला आणि तो घेऊन हिगाशी-ओसाकातल्या एका प्लास्टिक कारखान्यात गेले. असंच काही तुमच्याकडे आहे का? त्यांना 2000 येनला व्हिनाइलचा एक अख्खा रोल मिळाला. तो कापून त्यांनी आपले सेल केले. मला या गोष्टीतली ही सगळ्यात मोठी उडी वाटते. कल्पना, हौस, हुन्नर अनेकांकडे असतं, पण कारखान्याच्या दारात नमुना घेऊन उभं राहायला वेगळी जिद्द लागते.

अर्थात स्वस्ताईची किंमत मोजावी लागली. रंगवलेल्या शीट एकावर एक रचल्या तर चिकटून बसायच्या, आणि रंग वाळला की पोपडे धरून निघायचा. कारण साधं आहे. प्लास्टिक रंग शोषत नाही, रंग वर नुसती साय धरतो. शीट वाकली की साय तडकते. आज आपल्याकडे कोणी हे करत असेल तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ओएचपी शीट घ्यावी आणि पोस्टर कलरऐवजी ॲक्रिलिक वापरावा. पोस्टर कलर वाळल्यावर ठिसूळ होतो, ॲक्रिलिक थोडा लवचिक राहतो. शीट दोरीवर चिमट्याने टांगून पुरत्या वाळवाव्या आणि रचताना मध्ये बटर पेपर घालावा.

सेलचा आणखी एक गुण पहिल्याच शूटिंगला सगळ्यांना चकवतो. शीट पारदर्शक असली तरी शंभर टक्के नसते. प्रत्येक थर खालच्या रंगाला किंचित मळकट करतो. समजा एका दृश्यात मुलीचं शरीर एका सेलवर, हात दुसऱ्यावर. मध्येच हाताचं काम संपलं म्हणून तो सेल काढून घेतला तर त्या क्षणी आकाश, जमीन, मुलीचा फ्रॉक, सगळं एकदम उजळतं. पडद्यावर ठळक झटका दिसतो. म्हणून दृश्य संपेपर्यंत थरांची संख्या तितकीच ठेवायची. हात नको असेल तिथे कोरा सेल ठेवायचा. आणि एका दृश्यात दुसऱ्या थरावर असलेला हात पुढच्या दृश्यात चौथ्या थरावर जाणार असेल, तर त्याचा रंग तेवढ्या हिशेबाने वेगळा मिसळावा लागतो.

आता कॅमेरा. तो उभ्या दांड्यावर, तोंड खाली करून पक्का बसवायचा. खाली पेग बार, त्यावर पार्श्वभूमी, वर सेल आणि सगळ्यावर स्वच्छ काच, म्हणजे शीट सपाट राहतात आणि सावल्या पडत नाहीत. दोन्ही बाजूंनी एकसारखे दिवे, साधारण 45 अंशांत, म्हणजे काचेवरची तिरीप भिंगात शिरत नाही. भिंगाभोवती काळा पुठ्ठा लावायचा, नाहीतर कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब फिल्मवर उमटतं. बटण बोटाने दाबायचं नाही, केबल रिलीजने, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या लवचिक तारेने दाबायचं. ऑटो एक्स्पोजर बंद. तो चालू राहिला तर पांढरा ढग आला की कॅमेरा आपण होऊन चित्र काळवंडवतो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण दुपारी दोनचा उजेड आणि साडेचारचा उजेड पडद्यावर शेजारी शेजारी येणार असतो. पंखाही बंद, मे महिना असला तरी.

कुठला सेल किती फ्रेम धरायचा ते एक्स्पोजर शीटवर लिहिलेलं असतं. उभा लांब कागद, प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, प्रत्येक रकाना म्हणजे एक थर. ज्याने तबला शिकताना वहीत मात्रांखाली बोल लिहिले असतील त्याला हा कागद लगेच कळेल. काळ आधी आखलेला आहे आणि त्यात कुठे काय वाजणार ते भरायचं आहे. अख्खी फिल्म या कागदावर आधीच तयार असते. शूटिंगला एक जण आकडा वाचतो, दुसरा काच उचलून सेल बदलतो नि काच पुसतो, तिसरा केबल दाबतो आणि मोठ्याने फ्रेम मोजतो. एका बदलाला अर्धा मिनिट धरलं तर 2400 बदलांना 20 तास लागतात, तेही काहीही न चुकता. मध्ये कोणी चहाला उठून गेलं आणि परत आल्यावर आकडा एकाने सरकला, तर ते त्या रात्री कोणालाच कळत नाही. फिल्म प्रयोगशाळेतून धुऊन आली की कळतं.

आणि घरगुती 8 मिलिमीटरची फिल्म बहुधा रिव्हर्सल असायची. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी होती तीच धुतल्यावर प्रोजेक्टरमध्ये लागते. वेगळी निगेटिव्ह नाही. प्रोजेक्टरने ओरखडा काढला तर तो मूळ फिल्मवरच. सुपर 8 ची फ्रेम सहा मिलिमीटरही रुंद नसते, त्यामुळे तिच्यावर बसलेला धुळीचा कण पडद्यावर दगडाएवढा दिसतो.

या सगळ्यात मैत्री कुठे कामाला येते? माझं ठाम मत आहे की घरगुती ॲनिमेशन अडतं ते चित्रकार कमी पडल्यामुळे नव्हे, वाटणी चुकल्यामुळे. 'दायकॉन 3' मध्ये यामागाने दिग्दर्शन सांभाळलं, आकाईने पात्रांचं ॲनिमेशन आणि आन्नोने यंत्रांचं. ज्याचा जिथे जीव रमतो ते त्याला. पण या पद्धतीची खरी देणगी पुढे आहे. शीट कापणं, भोकं पाडणं, रेघ गिरवणं, ठरलेल्या जागी ठरलेला रंग भरणं, आकडे वाचणं, यातल्या कशालाच चित्रकला येण्याची गरज नाही. एक सेल रंगवण्याइतकं छोटं काम कोणीही नीट करू शकतं, आणि भोकं नि एक्स्पोजर शीट बरोबर असेल तर वेगवेगळ्या हातांची ती सगळी कामं आपापल्या जागी चपखल बसतात. ज्यांना रेघ ओढता येत नाही असे मित्रही इथे पाहुणे म्हणून नसतात, फिल्म त्यांचीही असते.

फिल्मच्या प्रती आणि व्हिडिओ टेप विकून या मंडळींनी पुढच्या कामासाठी पैसे उभे केले. दरम्यान आन्नो आणि यामागा टोकियोत एका टीव्ही मालिकेवर काम करून धंद्यातली शिस्त शिकून आले. 1983 च्या संमेलनासाठी त्यांनी दुसरी फिल्म केली ती 16 मिलिमीटरवर, जिची फ्रेम क्षेत्रफळाने सुपर 8 च्या तिपटीहून मोठी असते. फरक डोळ्यांत भरतो. 1984 च्या अखेरीस त्यांची गायनॅक्स ही कंपनी उभी राहिली आणि 1987 मध्ये तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

सुपर 8 ची फिल्म कोडॅक आजही बनवते. जुनी लाडकी कोडाक्रोम ही रंगीत फिल्म मात्र गेली, तिची धुलाई 2010 च्या अखेरीस थांबली. पण पहिल्या प्रयत्नाला फिल्मवर खर्च करू नये असं मी सांगेन. मोबाइल स्टँडला बांधा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, आणि बाकी सगळं फिल्म असल्यासारखंच करा. आधी एक्स्पोजर शीट भरा, मध्येच चालवून बघू नका. ट्यूबलाइट टाळा, तिची लुकलुक चित्रावर पट्टे उमटवते. आणि पाच मिनिटांचा बेत करू नका, तीन सेकंदांचा करा. 24 च्या वेगाने 72 फ्रेम, तीन-तीन फ्रेम धरल्या तर 24 चित्रं. चार मित्र असतील तर प्रत्येकी सहा. मान वळवणारी मुलगी यात आरामात बसते, पापणीसकट. की ड्रॉइंग एकानेच काढावीत, म्हणजे चेहरा बदलत नाही, आणि मधली बाकीच्यांनी. कागद मात्र 24 न घेता 40 तरी भोकं पाडून ठेवा, कारण पहिल्या दिवशी निम्मे खोडरबरानेच फाटतात.